ढकलायचा-ओढायचा दिवस

“पोरगं संगं येनार म्हंजी येनार! म्हातारीला सोताचे पाय दिसंनात, ती काय पोरगं बघनार?”

अंगणवाडीच्या ओट्यावर उभा राहून सूर्यभान बायकोवर खेकसत होता. सुकन्याची मान खाली होती, पण ती हटून बसली होती.

“मी येते की उसाला. न्हाई कुठं म्हनतीय? कल्याण आत्याबाईपाशी ऱ्हाईल. तिकडं एक पोर ठिवलं, तेवढं बास.”

लंकाबाई, सूर्यभानची आई, भिंतीला टेकून बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. “दिसत न्हाई, पर आइकू येतंय मला,” ती म्हणाली. “तुला बी अर्ध्या डोळ्यानंच वाढीवला मुडद्या.”

आमचं गाव पाथर्डीच्या डोंगराला. दसरा सरला की गाव ऊसतोडीला जातं, रितं होतं. म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं मागं राहतात. दुपारी मुकादमाचा ट्रक यायचा होता, आणि नेमका त्याच दिवशीचा नगरहून हुकूम आलेला. लहान पोरांनी आईबापासोबत ‘ढकलणे-ओढणे’ शिकायचं, हातानं खेळणी करायची, फोटो वर पाठवायचे. हुकूम काढणाऱ्याच्या अकलेला नमस्कार. ज्यांचा जन्म मोळ्या ओढण्यात आणि रुतलेल्या ट्रॉल्या ढकलण्यात जातो, त्यांना हे ढकलणं शिकवणार!

पण अंगणवाडी चालवणारी नॅन्सीताई मोठ्या मनाची बाई. ख्रिस्ती आळीतली, लेकरांवर जीव लावणारी. तिनं कडब्याची धाटं गोळा केली, चाकांना औषधाच्या बाटल्यांची बुचणं आणली, आसासाठी बाभळीचे काटे काढले. एक फळी विटेवर टेकवून उतार केला. म्हणाली, “भांडनं नंतर करा. आधी लेकराला गाडी करून द्या. ट्रक यायला टाईम हाय.”

बापे लाजत बसले. मग एकाएकाचे हात चालायला लागले. धाट सोलायचं, आतलं भेंड काढायचं, वरच्या सालीच्या पट्ट्या टोचून गाडीचा साटा करायचा. लहानपणी सगळ्यांनीच केलेलं. अजिनाथनं आपल्या पोरीसाठी बैल केले आणि एकाला शेपूटच विसरला.

“आरं, बांडा बैल कुनी घ्यायचा?” लंकाबाईनं चाचपून बघत विचारलं.

“चावत न्हाई मावशी, घ्या!”

सगळे हसले. सुकन्या हसली नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. त्या भिंतीवर मागं कधी पोरांनी रंगात हात बुडवून छाप मारलेले. नॅन्सीताईनं दोनदा चुना दिला. बाकीचे हात बुजले, एक छोटा डावा हात मात्र पांढऱ्याखालून वर येतोच. तो राणूचा. सुकन्याची थोरली. कल्याण झोळीत होता त्या साली ती उसाच्या फडात ट्रॉलीखाली गेली. खेळता खेळता गेली, असं सूर्यभाननं सांगितलं. मुकादमानं सांगितलं, कारखान्याच्या माणसानंही सांगितलं. सुकन्या तेव्हा फडाच्या दुसऱ्या टोकाला मोळ्या बांधत होती. घरात पोरीचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक सूर्यभाननं घातला आणि सगळ्यांनी पाळला. सुकन्या एवढंच म्हणायची, दिवेलागणीला फडात कुणीतरी पाठीमागं चालतं.

सूर्यभाननं बैलगाडी केली नाही. त्यानं ट्रॅक्टर केला, मागं दोन ट्रॉल्या. जे रोज बघतो तेच हाताला येतं. धाटाचे तुकडे उसासारखे रचले, सुतळीनं आवळले. कल्याण हरखून गेला.

“बाबा, वर चढीव!”

“आसं बघ. भरल्याली गाडी वढाया जोर लागतो.” सूर्यभानचा राग उतरला होता. त्यानं दोरी ओढत गाडी फळीच्या मध्यावर नेली. “आन् सोडली का काय हुतं?”

“मागं येती!” पोरं ओरडली.

“मंग काय करायचं? चाकामागं दगड लावायचा. लाव कल्याण. म्या धरलीय.”

कल्याणनं खडा उचलला. चाकापाशी बसला. बसल्या जागी त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यानं मान वळवून मागं बघितलं, जिथं कुणीच नव्हतं.

“लाव की!”

“आक्का नगं म्हनती.”

“कोन आक्का? नॅन्सीताई?”

“न्हाई. आक्का.” मग तो बारीक आवाजात बोलला, त्याचा आवाज नव्हता तो, पोरीचा होता, हे मी देवाची शपथ घेऊन सांगतो. “बाबा, दगड सरकतुय.”

सूर्यभानच्या हातातली दोरी सुटली. ट्रॉल्या मागं आल्या, उलटल्या, धाटाचा ऊस जमिनीवर सांडला.

सुकन्या उठली. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

“खेळत हुती म्हनलात तुमी.”

सूर्यभान खाली बसून सांडलेली धाटं गोळा करायला लागला.

“खेळत हुती, तर दगड कुठनं आला?”

तो वर बघेना. चढाच्या फडात ट्रॉली पुढं सरकेल तसा चाकामागं दगड द्यायला बारकी पोरं पळवतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. हलकं काम, पोरसुद्धा करतं, असं म्हणतात. ठाऊक होतं, आणि आम्ही सगळे ‘खेळत होती’ म्हणत आलो. दहाव्याला जेवताना म्हणालो.

लंकाबाईनं हात पुढं करून कल्याणला धरलं. “माझ्यापाशी ये सोन्या. ही बघ, आंधळी असून धरलं का न्हाई?”

ट्रक आला, सगळ्यांची गाठोडी वर गेली, निघायचा भोंगा वाजला. सूर्यभान उठला. ट्रकमधून पोराचं गाठोडं काढून आईच्या पुढ्यात ठेवलं. बायकोकडं बघायचं धाडस झालं नाही त्याला.

मुकादम केबिनमधून खाली वाकला. “का रं, पोरगं न्हाई घेत?”

“न्हाई.”

“मंग चाकापाशी कोन?”

“म्या.”

“तू ऊस भरशील का दगड लावशील?” मुकादम हसला. “जाऊ दे. अजिनाथची पोरगी हाय की.”

अजिनाथ ऐकत होता. त्यानं तोंड फिरवलं. त्याची पाच वर्षांची पोरगी वरती पोत्यावर बसून शेंगदाणे खात होती.

सुकन्या ट्रकमध्ये चढली. नवऱ्याजवळ नाही बसली. सरळ त्या पोरीपाशी गेली, तिला उचलून मांडीवर घेतलं आणि पदर तिच्याभोवती आवळून बांधला.

“माज्यापाशीच बसायचं. फडात बी माज्यापाशीच. खाली कुनी बोलावलं तर जायचं न्हाई.”

“बाबानं बोलावलं तर?”

“बाबानं बोलावलं तर आधी मला हाक मारायची,” सुकन्या म्हणाली, आणि हे ती अजिनाथकडं बघत म्हणाली.