खिडकी उघडी ठेवा

कूलर मिस्त्रीला एकच गोष्ट दिवसातून वीस वेळा सांगावी लागे आणि तो ती दर वेळी तावातावाने सांगे. "अहो काकू, हे यंत्र गारवा तयार करत नाही! पाणी वाळतं, वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून झुळूक गार लागते. ती ओली हवा बाहेर जायला नको? खिडकी लावलीत की पाणी वाळायचंच थांबतं. मग बसा उकडत!"

त्या दिवशी सकाळी त्याने घरी बाबांच्या खोलीत कूलर बसवला. बाबांचं हृदय थकलेलं. उन्हाळा त्यांना सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टाकी भरली, बटण दाबलं आणि "ताई, पाणी संपलं की भर गं," एवढं बोलून स्वारी कामाला पळाली. मिस्त्रीच्या घरच्यांना आणखी काय शिकवायचं!

दुपारी ताईचा फोन आला, बाबा बोलत नाहीत. तो धावत आला. खोलीत पाऊल टाकलं नि अंगाला वाफच चिकटली. भिंतींना ओल, खिडकी गच्च लावलेली, फटींत चिंध्या कोंबलेल्या. कूलर बिचारा इमानेइतबारे तीच ओली हवा फिरवत होता. त्याने धाडकन खिडकी उघडली, बाबांना उचललं. दवाखाना येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

चार दिवसांनी, आलेगेले पांगल्यावर, ताई त्याच्यासमोर येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाबाच म्हणाले रे, खिडकी लाव. पोरगा उन्हातून तापून येतो, त्याच्यासाठी गारवा धरून ठेव. चिंध्या मीच कोंबल्या. तुझं रोजचं काम आहे हे. खरं सांग, खिडकीमुळे तर नाही ना झालं?"

अख्ख्या जगाला शिकवत हिंडणारा हा शहाणा, घरात एक वाक्य बोलला नव्हता.

"छे गं! खिडकीचा काय संबंध? वय झालं होतं बाबांचं."

ताईने त्याचा हात घट्ट धरला. "माझी शपथ?"

"तुझी शपथ."

त्या दिवशी ताई चार घास जेवली. त्याला मात्र पहिलाच घास गिळवेना.