दाढेच्या खड्ड्यातलं औषध

दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून झालं की मला कुणाचंच तोंड पाहावंसं वाटत नाही. त्या संध्याकाळी खुर्चीत शेवटचे आले ते आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. सोबत दादा, माझा थोरला भाऊ. घरचाच पेशंट, त्यामुळे 'उद्या या' म्हणून कटवायचीही सोय नव्हती.

अण्णांची दाढ मीच काढली होती. हृदयासाठी ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, म्हणून टाके घालून वर बोळा चावायला दिला होता. तरी घरी गेल्यावर रक्त झिरपलं. मी दवाखान्यात अडकलेली. अण्णांनी दादाला फोन केला आणि दादा आपली बाटली घेऊन धावला.

दादाचं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. छपाई झाली, कोंबड्या झाल्या, आता झाडांच्या साली आणि पानं उकळून अर्क काढतो. हा अर्क मात्र खरंच गुणाचा. बोट कापलं, थेंब टाकला, की रक्त जागच्या जागी थिजतं. न्हाव्यांच्या दुकानांतून त्याला मागणी आहे. अण्णांचं रक्त त्यानेच थांबवलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी, मी दवाखान्यात असताना, येऊन तो दाढेच्या खड्ड्यात औषध भरत होता. एरवी सणासुदीलासुद्धा फोनवर भागवणारा माणूस. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, तेही अण्णांना मऊ घाससुद्धा चावेनासा झाला तेव्हा.

दिवा जवळ ओढला. खड्ड्यावर काळी, कडक खपली. ती अलगद उचलली तर खाली राखाडी, मेलेलं मांस आणि तळाशी जबड्याचं हाड उघडं. एव्हाना तिथे गुलाबी मांस भरून यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर त्यांच्या मुलाला चार शब्द सुनावले असते. इथे आपलेच दात, आपलेच ओठ.

"दादा, हे औषध बंद कर. आजपासून."

"आणि रक्त? रोज झिरपतंय त्यांचं. मी टाकतो तेव्हा कुठे थांबतं."

"मला तर कुठे रक्त दिसत नाही. आणि हे बघ, रक्त थिजवणारं पाणी कोवळं मांसही थिजवतं. कातडीवर एकदा थेंब टाकणं वेगळं. तू उघड्या जखमेत रोज ओततोयस. नवीन मांस धरायला लागतं आणि तू ते मारतोस. असंच चाललं तर हाड सडेल. मग जबडा कापावा लागेल त्यांचा."

"झाडपाला आहे गं. त्यात कसलं आलंय केमिकल?"

"विषसुद्धा झाडालाच लागतं."

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अण्णांनाच विचार ना. एकदा तरी हूं की चूं केलं का त्यांनी?"

"गार वाटतं त्याने," अण्णा घाईघाईने म्हणाले. "छान आहे औषध."

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. दादाच्या हिरड्या कायमच्या सुजलेल्या, जरा धक्का लागला की रक्त येतं. मी चिमट्यात बोळा धरला आणि त्याच्या हातातल्या बाटलीत बुडवला.

"आ कर."

"लाव की! मला काय भीती?"

लावला. क्षणभर तो ऐटीत बसला आणि मग डोळ्यांत पाणी आणून बेसिनकडे पळाला. चुळा भरभरून दमला. तोंड पुसत परत आला तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता.

"अण्णा, हे रोज? आणि तुम्ही गप्प राहिलात?"

अण्णांनी डोळ्यांवरचा दिवा बाजूला सारला.

"रक्त येतंय असं तुम्हीच सांगत होता ना?"

"रक्त पहिल्याच दिवशी थांबलं होतं," अण्णा म्हणाले. "तसं सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

दादाने स्टूल अण्णांच्या खुर्चीजवळ ओढलं. मला आधी राग आला. मी रोज त्यांच्यासोबत राहते, त्यांच्या गोळ्या बघते, जेवण बघते. माझ्यासाठी त्यांना असा तोंड दाबून बुक्क्यांचा मार कधी खावा लागला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आला.

मेलेलं मांस खरवडून काढलं. हाड अजून टणक होतं, वेळेत सापडलं. खड्डा धुतला आणि पिचकारी दादाच्या हातात दिली.

"रोज कोमट मिठाच्या पाण्याने असं धुवायचं, हळू. मला नाही जमणार, मी दमलेली असते. तू येत जा."

काम दोन मिनिटांचं होतं. दादाला ते कळलं असावं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाद घातला नाही, नुसती मान हलवली. मी त्याचं मनगट धरून पिचकारीचा कोन दाखवला. अण्णांनी न सांगता तोंड उघडलं, पण लगेच मिटलं आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं,

"हा खड्डा फार लवकर नाही ना गं भरणार?"