एकटीचा फोटो

दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना अडाण धरणावर न्यायचं, हे प्रियदर्शनीनंच ठरवलं होतं. सांगायला सहल होती, पण तिच्या मनात एकच गोष्ट होती: आईचा एक चांगला फोटो.

सोमवारी तिच्या आईला, पंचफुलाबाईला, नागपूरच्या दवाखान्यात भरती करायचं होतं. बाईला ठाऊक होतं ते एवढंच, की गालातली गाठ काढणार, चार टाके पडणार आणि वांगी तोडायला येईपर्यंत ती इंझोरीला, आपल्या गावी, परतणार. डाव्या बाजूचा अर्धा जबडा जाणार आहे, हे डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, दौलतरावांना, आणि दोन्ही लेकरांना बाहेर बोलावून सांगितलं होतं.

"तिले यातलं एक अक्षर सांगू नका," दौलतरावांनी दोघांना दम भरला होता. "बिचकली त गाडीत पाय ठेवणार नाही."

आणि पंचफुला एकदा बिचकली, की तिची समजूत काढणं देवाच्याही हातात नव्हतं.

अमरावतीला बँकेत नोकरी करणाऱ्या प्रियदर्शनीनं मोबाइलमधले आईचे सगळे फोटो चाळून पाहिले होते. एकात आई वांग्याच्या वाफ्यात वाकलेली, एकात टोपल्याआड अर्धी. लग्नातल्या फोटोंत तर सगळं खानदान रांगेत, जणू कुणी हजेरी घेणार आहे. धड चेहरा एकातही नव्हता. मग रोज बँकेतून आल्यावर तिनं फोटोचे व्हिडिओ पाहिले. ऊन कलतं असावं, मागे पसारा नको, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरावा, माणूस एकटा घ्यावा. बिचारी सगळं पाठ करून आली होती.

धरणावर पोचल्यावर भाकरी-ठेचा झाला, दौलतराव सतरंजीवर कलंडले. ऊन पिवळं पडायला लागलं तशी प्रियदर्शनी उठली.

"माय, त्या दगडावर बस. नव्या साडीचा पदर नीट घे. बाबा, तुमी जरा बाजूले व्हा. गजू, ती गाडी मागं घे, फोटोत येऊन राह्यली."

गजेंद्रनं, तिच्या धाकट्या भावानं, कुरकुरत गाडी हलवली. दौलतराव उठून लांब जाऊन उभे राहिले.

"मंग मी एकटीच?" पंचफुलानं विचारलं.

"एकटीच. मान जराशी वर. मागे नुसतं पाणी दिसू दे."

पंचफुलाच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. प्रियदर्शनीला वाटलं, आई लाजली.

शहरात राहून पोरगी एक गोष्ट साफ विसरली होती. त्यांच्या गावात म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो कुणी काढत नाही. माणूस गेला, की घरचे लग्नातला फोटो घेऊन मंगरूळपीरला स्टुडिओत धावतात. तिथला फोटोवाला हरीओम त्यातून तेवढा माणूस कापून काढतो आणि मागे निळं आभाळ चिकटवतो. शेजारचा लखीराम गेला, त्याच्या भिंतीवरच्या फोटोत तर खांद्यावर मेहुण्याची बोटं अजून तशीच आहेत, हारानंही झाकली जात नाहीत. तेव्हा नवी साडी नेसवून, सगळ्यांना बाजूला सारून, कुणाचा जिवंतपणीच फोटो काढायला घेतला, तर त्याचा अर्थ लहान लेकराला पण कळतो.

पंचफुला दगडावरून उठली.

"डॉक्टरनं किती दिवस सांगतले?"

"कायचे दिवस?"

"मले येडी समजू नको. हार घालाले फोटो पाह्यजे ना तुमाले? मराचंच हाय त माह्या वावरात मरीन. सोमवारी कोणी गाडी काढू नका. मी येत नाही."

"अवं, पोरीची हौस हाय," दौलतराव लांबूनच म्हणाले.

"हौस!" एवढंच बोलून ती रस्त्याच्या दिशेनं चालायला लागली.

गजेंद्र बहिणीवर खेकसला, "झालं समाधान? काढ अजून फोटो!"

प्रियदर्शनीनं फोन खाली केला. खोटं बोलावं तर आई ऐकणार नाही, खरं सांगावं तर घाबरून नाहीच म्हणेल. आणि डॉक्टर म्हणाले होते, आता एक आठवडाही घालवू नका. आई बांधावर चढत होती, आणि आपल्या एका फोटोपायी आईचा जीव जाणार होता. प्रियदर्शनी धावत सुटली आणि तिनं आईचा दंड धरला.

"माय, तू मरणार नाहीस. पण तुहा जबडा काढणार हाय. इथून इथपर्यंत." तिनं स्वतःच्या गालावरून बोट फिरवून दाखवलं.

"पिये!" मागून दौलतराव ओरडले.

ती आता थांबणार नव्हती. "त्या बाजूचे दात जातीन. गाल आत जाईन. तू वाचशीन, माय, डॉक्टर म्हणते वाचशीन. पण हे तोंड असं राहणार नाही. मले हे तोंड पाह्यजे होतं, म्हणून फोटो."

पंचफुला उभी राहिली. तिनं हळूच आपला गाल चाचपला, मग हनुवटी. प्रियदर्शनी रडत होती आणि आईचा दंड सोडत नव्हती.

"तुह्या बाबाले माहीत हाय हे?"

"हो."

दौलतराव धापा टाकत जवळ आले होते आणि खाली मान घालून उभे होते. पंचफुला त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणून दवाखान्यातून आल्यापासून माह्या तोंडाकडे पाहून बोलत नाही तुमी," ती म्हणाली. "मले वाटलं, तोंडाचा वास येते म्हणून."

दौलतरावांनी खाली बघतच नकारार्थी मान हलवली.

"मंग, जबडा काढल्यावर? तवा पाहसान का?"

"पाहीन."

"खाली पाहून नका सांगू."

दौलतरावांनी मान वर केली. डोळे भरून वाहत होते, तरी त्यांनी ते पुसले नाहीत. बायकोच्या तोंडाकडे, त्या सुजलेल्या गालाकडे नीट बघत त्यांनी पुन्हा सांगितलं, "पाहीन, पंचफुला."

तिनं त्यांची नजर जोखली.

"मंग येईन मी सोमवारी," ती म्हणाली.