बांधावरचा साग

"उद्यापासून मी खुरपायला येणार नाही गं!" असं सुतारीण शेतातल्या सगळ्या बायांना ठणकावून सांगून आली होती. गुडघ्यांनी तिला वर्षभर रडवलं होतं. पण बांधावर ओळीनं साग उभा होता. नवी नवरी असताना तिनं तो लावला, डोक्यावरून पाणी वाहून जगवला. तो विकायचा आणि म्हातारपणी निवांत बसायचं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आज लाकडाच्या वखारीचा मालक झाडं बघायला आला. तो एकेका खोडाला हात लावत पुढं चालला, तसा सुतार मागं मागं रेंगाळू लागला.

"अहो, या की पुढं! लाजताय काय नवरदेवासारखे?" सुतारीण हसली. मग वखारवाल्याला म्हणाली, "झाडं दाट झाली की हे विरळणी करायचे. लाकडातलं सगळं कळतं आमच्या माणसाला."

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विरळणी म्हणजे वाकडं, रोगट झाड काढायचं आणि सरळ राखायचं. यानं नेमकं उलटं केलं होतं. कुणाला दार हवं, कुणाला खाट. "तुझ्यासारखा कारागीर नाही बाबा," असं कुणी म्हटलं की गडी फुलायचा आणि सगळ्यात सरळ झाड आडवं करायचा. मिळालेले पैसे त्याच लोकांबरोबर उडवायचा. घरी येऊन सांगायचा, "विरळणी केली." ती बिचारी खूश.

"मावशी, हे सरपण आहे," वखारवाला थांबून म्हणाला. "सगळी वाकडी. चांगली झाडं कुणीतरी वेचून नेलीत."

"अगं बाई! चोरी झाली?" ती नवऱ्याकडं वळली.

'हो' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तिचा सुजलेला गुडघा समोर दिसला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"मीच नेली," तो म्हणाला. "विरळणी नव्हती ती."

वखारवाला निघून गेला. सुतारीण बांधाला टेकून खाली बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. शेवटी ती बांधाला धरून कशीबशी उठली.

"उद्या कामावर जायला हवं," ती म्हणाली. "मला टेकायला एक काठी तरी करून द्या."

सुतार कुऱ्हाड घेऊन अंधार पडेपर्यंत बांधावर फिरत राहिला. काठीपुरतंही सरळ लाकूड त्यानं मागं ठेवलं नव्हतं.