सात नंबर मशीनची नक्षी

मित्रांनो, जरा थांबा. फाटकापाशी कुणाची गाडी थांबली का, तेवढं ऐकू द्या. नाही, पुढे गेली. हं, तर मी एक जुना टाइपरायटर आहे. मराठी, लोखंडी आणि भित्रा. लोखंड कसलं भितंय, असं म्हणाल. माझ्या जागी येऊन बसा, म्हणजे कळेल.

कारखान्यात मला जोडलं, पण घडवलं ते चाकणच्या जयमालाबाईंच्या टायपिंग क्लासने. तिथे आम्ही बारा मशीन होतो, मी सात नंबरचा. आसपासच्या गावांतली मुलं-मुली सायकली दामटत यायची आणि तासभर आम्हाला बडवून जायची. "अरे, बोटं टेकवा, धोपटू नका! कपडे धुताय का?" असं बाई ओरडायच्या. बाईंचा एक नियम होता. पान संपलं की खाली नक्षी काढायचीच. दोन रेघा, शून्य, मधोमध ठ, पुन्हा शून्य, पुन्हा दोन रेघा. नक्षी नसेल तर बाई पान तपासायच्याच नाहीत. नक्षी इतर क्लासमध्येही काढायचे, पण मधोमध ठ फक्त आमच्याकडे असायचा. माझ्यावर शिकलेली मुलं तहसिलीत लागली, कंपन्यांच्या ऑफिसात लागली. पेढ्याचा पहिला तुकडा माझ्यापुढे ठेवायची. काय दिवस होते हो!

मग परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. माझी अकरा भावंडं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली. बाईंनी मला एकट्याला घरी आणलं, खिडकीशी ठेवलं आणि वर जुन्या नऊवारीचा तुकडा पांघरला. बरीच वर्षं मी नुसता धूळ खात होतो.

गेल्या वर्षी बाईंनी तो तुकडा काढला, मला तेल दिलं आणि इथल्या साप्ताहिकाला पत्र लिहायला बसल्या. आमच्या भागाचे पुढारी रंगरावसाहेब यांची स्तुती होती ती. 'साहेबांच्या कृपेने आमच्या चौकात रोज दोन तास थांबायला मिळते. त्यात शेजारच्या रिक्षातील कुटुंबाशी ओळख होऊन माझ्या भाचीची सोयरीक जुळली. साहेबांनी एकाच पुलाचे तीनदा भूमिपूजन केले, त्यामुळे नारळवाल्याचा संसार उभा राहिला. पूल काय, होईल कधीतरी.' खाली सही, 'एक भाग्यवान नागरिक'.

लिहिताना बाई गालात हसत होत्या. मी मात्र आतून थरथरत होतो. कारण त्यांची लेक पूनम एका कंपनीत कॅन्टीन चालवते. आमच्याकडे असलं काम साहेबांच्या एका फोनवर मिळतं आणि एका फोनवर जातं. पूनमच्या हाताखाली सहा बायका पोळ्या लाटतात. हे बाईंना माहीत नव्हतं का? होतं की. म्हणून तर अशा प्रत्येक पत्राखाली त्या खोटी सही करायच्या आणि पाकीट तळेगावला जाऊन टाकायच्या. एवढी हुशारी करूनही पत्र संपलं की त्यांची बोटं आपोआप खाली सरकायची. दोन रेघा, शून्य, ठ. बाई, नको ना, असं मी ओरडायचो. पण माझं ओरडणं म्हणजे नुसती खटखट, ती कोण ऐकणार?

पेपरात नक्षी छापत नाहीत, म्हणून सहा पत्रं निभावली. सातवं अंगाशी आलं. साहेबांचा वाढदिवस जवळ आला होता. कार्यकर्त्यांनी पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या. "आयला, काय भारी लिहिलंय राव!" म्हणत त्यांनी संपादकांकडून मूळ कागदच मागून आणला आणि त्याचा फोटो काढून वीस फुटी फ्लेक्स चौकात चढवला. वर साहेब हात जोडलेले, खाली ओळीने शुभेच्छुक आणि मध्ये माझी अक्षरं.

संध्याकाळी पूनम हसतच घरात आली. "आई, हा फोटो बघ. लोक ट्रॅफिकमध्ये थांबून वाचतायत आणि पोट धरून हसतायत." तिने फोनवरचा फोटो मोठा केला आणि तिचं हसू मावळलं. तीही माझ्यावरच शिकलेली. पत्राखाली माणसाएवढी नक्षी होती.

"आई, हे तू लिहिलंस?"

बाईंनी नऊवारीचा तुकडा माझ्यावर ओढला. पूनम खाली बसली आणि म्हणाली, "माझं जाऊ दे गं. त्या सहाजणींना मी काय सांगू?"

तिसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. म्हणजे साहेबांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं होतं. चौथ्या दिवशी भरदुपारी फाटकाशी गाडी थांबली आणि सुरज आत आला. साहेबांचा पीए. क्लासमध्ये असताना रोज मलाच धरून बसायचा. आता संपलं, असं मला वाटलं.

"बाई, लिहिणारा शोधायचं काम साहेबांनी मला दिलंय," तो म्हणाला.

"मग? सापडला?"

"चौकात मान वर केली तेव्हाच." तो माझ्यासमोर बसला. "साहेबांना काय लिहून द्यायचं, ते जरा मांडून बघतो. ऑफिसात कॉम्प्युटरवर काढीन." त्याने कागद चढवला. इतक्या वर्षांनीही बोटं कशी सरळ पडत होती! 'बराच शोध घेतला. लिहिणारी व्यक्ती आपल्या भागातील दिसत नाही.' माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्याची बोटं खाली सरकली. दोन रेघा, शून्य, ठ.

सुरजने कपाळावर हात मारला. "सुटत नाही हो बाई."

"सुटू नये म्हणूनच शिकवली होती रे," बाई हळूच म्हणाल्या आणि तो कागद त्यांनी गॅसवर जाळला.

जाताना सुरज दारात थांबला. "माझं तोंड बंद राहील. पण बाई, क्लासमधून शेकड्यांनी पोरं गेलीत. सगळ्यांचं मी कसं सांगू?"

तेव्हापासून मी गाड्या मोजतो. पूनमचं कॅन्टीन आज चालू आहे. उद्याचं कोण सांगणार?

मित्रांनो, शेवटी काहीतरी शिकवण सांगायची असते. तेल द्या, धूळ पुसा, जुन्याला फेकू नका, हे तर आहेच. पण मला दुसरंच सांगायचंय. गेल्या रविवारी बाई पुन्हा बसल्या. पत्र लिहिलं, साहेबांची पोटभर स्तुती केली. शेवटी बोटं खाली सरकली आणि तिथेच थांबली. बाईंनी हात मागे घेतला आणि कागद तसाच ओढून काढला.

मला हायसं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. भीती कशी दिसते, असं कुणी विचारलं तर मी आता सांगू शकतो. पानाच्या तळाशी चार बोटं कोरी जागा असते. बाईंच्या हातून असं पान मी पहिल्यांदाच पाहिलं. तुमच्याजवळ कुणी हसत हसत खरं लिहिणारं असेल, तर त्याला जपा रे. त्याच्या पानावर ती जागा येऊ देऊ नका.