झाकणाखालचं गार पाणी

मी सुया उकळायची पेटी बोलतेय. वीतभर लांब, स्टीलची, खाली स्पिरिटच्या दिव्यापुरती जागा. दवाखान्यात आलेला माणूस डॉक्टरकडे बघतो, सुई दिसली की डोळे मिटतो. माझ्याकडे कोण बघणार? म्हणून जे झालं ते मलाच सांगावं लागतंय.

अकोल्याला, जठारपेठेतल्या एका दवाखान्यात माझी सुरुवात झाली. खुशालराव तिथं कंपाउंडर होता. डॉक्टर फार काटेकोर. काचेची सिरिंज आणि सुया माझ्यात ठेवायच्या, पाण्याला उकळी फुटली की घड्याळ लावून वीस मिनिटं थांबायचं, त्याआधी हात लावायचा नाही. खुशालरावानं हे सगळं शिकून घेतलं. म्हातारपणी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा मला त्याच्या हाती देऊन ते म्हणाले, हिला पेटवायचा आळस करू नकोस.

पंचावन्न साली तो मला घेऊन आपल्या गावी आला. गाव बडनेऱ्यापासून दोन कोसांवर. घराच्या पुढच्या खोलीत त्यानं दवाखाना मांडला. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पण गावानं ती विचारलीही नाही.

पहिली दोन-तीन वर्षं सोन्यासारखी गेली. कापूस वेचायच्या दिवसांत बायांच्या बोटांना बोंडांची वाळलेली टोकं लागायची. मग कुणाला नखुर्डं, कुणाला गळू. पोरांच्या नाकाखाली पिवळ्या खपल्यांचे फोड, आणि एकाच्या पंच्यानं घरभर पसरलेले. खुशालराव प्रत्येकाला बसवून सांगायचा: साबणानं हात धुवा, नखं काढा, ज्याचा पंचा त्यानंच वापरा, गळू दाबून फोडू नका, गरम पाण्याच्या फडक्यानं शेका. ताप आला किंवा लाली पसरत गेली, तरच सुई. आणि सुई द्यायची म्हटलं की आधी मी पेटायची. माझी वाफ त्याच्या चष्म्यावर बसायची. मला त्याचा अभिमान वाटायचा.

चतुराबाई याच दिवसांत आली. कापूस वेचायला जाणारी बाई, नवरा देवमन बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन. छप्पन्न साली त्यांच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हापासून गावातली काही घरं त्यांच्याशी तुटक वागू लागली होती. खुशालराव नाही. तो भर दुपारी, सगळ्यांदेखत तिच्या अंगणात बसून चहा प्यायचा. तिच्या धाकट्याचं तोंड फोडांनी भरलं, तेव्हा साबणाच्या पाण्यानं खपल्या कशा भिजवायच्या, वर जांभळं औषध कसं लावायचं, हे त्यानं स्वतः बसून दाखवलं. आठ दिवसांत पोराचं तोंड स्वच्छ झालं. चतुराबाई त्याला भाऊ म्हणू लागली. तिनं अख्खी वस्ती त्याच्या ओट्यावर आणली.

मग गर्दी वाढली. लोकांना सुई हवी असायची. शेका, धुवा असं सांगितलं की त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवल्यासारखं वाटे. खुशालराव आधी समजावून सांगायचा, पुढं सांगेनासा झाला. माझी वीस मिनिटं दहावर आली, दहाची पाच झाली. एके दिवशी त्यानं दिवा लावलाच नाही. सुई बोळ्यानं पुसली आणि त्याच सिरिंजमध्ये पुढच्या माणसाचं औषध भरलं.

त्या माणसाला काही झालं नाही. काही झालं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. दुसऱ्या दिवशी खुशालरावानं पुन्हा तेच केलं.

एकोणसाठच्या पौषात चतुराबाई हातावरचं गळू दाखवायला आली. लहानसंच होतं, शेकून चार दिवसांत बसलं असतं. तीच म्हणाली, मी शेकून राहिली, साबणानं धुतो. पण ओट्यावर पंधरा माणसं खोळंबली होती. खुशालराव म्हणाला, सुई घे, लवकर मोकळी होशील. ती आडवी झाली. तिची नजर माझ्याकडे गेली.

"दिवा नाई लावला काय, भाऊ?"

खुशालरावानं माझ्या झाकणावर हात ठेवला. "आत्ताच उकळून ठेवल्या."

आतलं पाणी चार दिवसांचं गार होतं. त्यानं मला खोट्याची साक्षीदार केलं, आणि मला तोंड नव्हतं.

हातावरचं गळू बसलं. पण सहाव्या दिवशी सुई टोचली तिथं कमरेखाली सूज चढली, लाल आणि विटेसारखी कडक. अंगात ताप. देवमन तिला धरून घेऊन आला. खुशालरावानं सूज पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. हे कशानं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्यानं ओट्यावरच्या माणसांकडे पाहिलं.

"तुमच्या वस्तीत अंग धुवाची सवय नाई," तो मोठ्यानं म्हणाला. "मंग सुई काय करन?"

कुणीतरी मान डोलावली. चतुराबाई रडली नाही. म्हणाली, "साबण तं तुमीच शिकवला मले." आणि देवमनच्या खांद्यावर भार टाकून पायऱ्या उतरली.

सरकारी नर्स जयवंता दर गुरुवारी गावात यायची. तिनं चतुराबाईला बैलगाडीत घालून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं चीर दिली, वाटीभर पू निघाला, दहा दिवस पेनिसिलीन चाललं. जीव वाचला. वेचणी मात्र गेली, आणि पुढं चार महिने ती पाय ओढत चालायची.

जयवंता त्याच गुरुवारी आमच्याकडे आली. काही न विचारता तिनं माझं झाकण उघडलं. पाण्यावर धुळीची साय, त्यात मेलेली माशी. दिव्याची वात वाळून खडखडीत. खुशालराव म्हणाला, आजच राहून गेलं. तिनं मला उचललं आणि सगळ्यांदेखत ओट्याच्या दगडावर उपडं केलं. पाण्याला वास येत होता.

महिन्याभरानं, दिवेलागणीच्या वेळी, खुशालराव मला घासूनपुसून पिशवीत घालून वस्तीवर गेला. चतुराबाईची जखम अजून भरायची होती. आता मी स्वतः पट्टी करत जाईन, समोर चिमटा उकळून, असं तो म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, माझी चूक झाली.

चतुराबाई चुलीपुढून उठली नाही.

"बोलले तवा ओटा भरला होता," ती म्हणाली. "चूक काहून एकट्यात सांगून राह्यले, डाक्टरसाहेब?"

भाऊ म्हणाली नाही. त्यानं पिशवी उचलली. आणि ‘माझी चूक झाली’ हे वाक्य ओट्यावर, सगळ्यांदेखत, तो कधीच बोलला नाही.

याला आता सहा वर्षं झाली. त्या दिवसापासून मी रोज पेटते, पुरी वीस मिनिटं. माझ्या तळाला पांढरा थर धरलाय. जयवंतानं पाणी ओतल्यावर ओटा ओस पडला होता, पण गाव पंधरा दिवसांतच परत यायला लागलं होतं. तुम्हाला एवढंच सांगते, सुई घ्यायची वेळ आली तर ती उकळताना समोर बसून पाहा. विचारायला लाजू नका, आणि नुसत्या उत्तरावर विसंबू नका. आणि जे गळू शेकून, धुऊन बसेल त्याच्यासाठी सुई मागूच नका.

वस्तीतली माणसं मात्र आता बडनेऱ्याच्या दवाखान्यात जातात, चालत. त्यांची वाट आमच्या ओट्यासमोरून आहे. परवा सकाळी चतुराबाई नातीला कडेवर घेऊन निघाली होती. पोरीच्या गुडघ्यावर फोड होता, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. खुशालराव खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला. ती पुढं बघत चालत राहिली. मी तेव्हा चांगली रटरटत होते.