पहिलं नाव

गुंडूराव जन्मभर हुशार म्हणून ओळखले गेले आणि जन्मभर मूर्खपणाच करत आले. पहिला मूर्खपणा तरुणपणीचा. विश्व पसरतंय, पण पसरण्याचा वेग मंदावतोय, असं तेव्हा सगळे शास्त्रज्ञ मानत. गुंडूरावांनी गणित मांडून लिहिलं, की वेग वाढतोय. निबंध एकट्याचा, रात्रंदिवस झिजवलेलं डोकंही एकट्याचंच. पण लग्नपत्रिकेवर कुलदैवत आधी घालतात, तसं त्यांनी आपल्या नावाआधी गुरूचं, भीमाचार्यांचं, नाव घातलं. बेंगळूरच्या ज्या संशोधन संस्थेत दोघे होते, तिथं तशीच रीत होती.

निबंध छापून आला आणि टिंगल सुरू झाली. भीमाचार्यांनी भर बैठकीत हात झटकले. "यात मी नावापुरता. आचरटपणा सगळा या गुंडूचा." लोक पोट धरून हसले. गुंडूरावांनी संशोधन सोडलं आणि जयनगरच्या एका कॉलेजात पोरांना लंबक शिकवत केस पिकवले.

मग अठ्ठ्याण्णव साल उजाडलं. दूरच्या ताऱ्यांचे स्फोट दुर्बिणीतून पाहणाऱ्यांनी सांगितलं, की वेग खरंच वाढतोय. सगळं बेंगळूर तेव्हा कॉम्प्युटरच्या नादी लागलं होतं, तरी संस्थेला तो जुना निबंध आठवला, आणि त्यावरचं पहिलं नाव. सत्कार ठरला भीमाचार्यांचा. गुंडूरावांना बोलावणं आलं ते शाल घालायला.

"अण्णा, आज तरी तोंड उघडा," मुलगी विद्याश्री म्हणाली. ती कंपनीतून रजा काढून आली होती. "तुमचं आहे, ते तुमचं म्हणून सांगा."

"सरी, सांगतो," गुंडूराव म्हणाले. एक वाक्य त्यांनी घोकूनही ठेवलं.

सभागृहात ऐंशीच्या घरातल्या भीमाचार्यांनी माईक धरला. "हा गुंडू तेव्हा घाबरत होता. मीच म्हटलं, छाप रे, होईल ते होईल! काय रे, खोटं सांगतोय का मी?"

सगळ्या माना वळल्या. गुंडूरावांच्या अंगाचा तिळपापड झाला, घोकलेलं वाक्य ओठांवर आलं. पण त्या आवाजापुढे ती जीभ आयुष्यात कधी उलट बोलली नव्हती.

"नाही सर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. विद्याश्री उठून बाहेर निघून गेली.

गुंडूरावांनी शाल घातली. भीमाचार्यांनी त्यांना जवळ ओढलं आणि कानाशी लागून हसत म्हणाले, "तुझंच गणित बरोबर निघालं की रे, गुंडू. तेव्हा स्वल्प धीर धरायचास."

मग त्यांनी पाय पुढे केले. आणि गुंडूराव वाकले.